ईवुड पार्कचं सीझन तिकीट, 2016-17: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

7 मे 2017 ला ब्रेंटफर्डच्या मैदानावर 3-1 जिंकूनही ईवुड पार्कवर खेळणारी आपली ब्लॅकबर्न रोव्हर्स लीग वनमध्ये, म्हणजे इंग्लिश फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीत गेली. आता 2017-18 च्या मोसमाचं तिकीट घ्यायचं की नाही हे ठरवायची वेळ आलीय, म्हणून लिहितोय. क्लबचे मालक वेंकीज पुण्याचे, मीही पुण्याचा. त्यामुळे स्टँडमध्ये कुणाशीही ओळख झाली की पहिला प्रश्न मालकांचाच येतो.

पण आधी गोलफरकाबद्दल, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा केल्यावर उरतं त्याबद्दल. जो तो म्हणतो, दोन गोलांनी गेलो. दोन नाही, तीन! आपले 51 गुण, एक जागा वर राहून वाचलेल्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचेही 51. आपला गोलफरक वजा 12, त्यांचा वजा 10. आपण आणखी दोन गोल केले असते तर गोलफरक सारखा झाला असता, पण मग एकूण केलेले गोल मोजतात. तिथे त्यांचे 62 आणि आपले ते दोन धरूनही 55. म्हणजे तरीही आपणच खाली. 46 मॅचमध्ये तीन गोल कमी पडले.

तेव्हापासून मी मोसमातला एकेक गोल उकरून काढतोय. ऑगस्टमध्ये पहिल्याच मॅचला नॉर्विचकडून घरच्या मैदानावर 1-4, पुढच्या शनिवारी विगनला 0-3. दोन मॅचमध्येच वजा सहा! वर्षभराच्या खड्ड्यातला अर्धा खड्डा तिथेच खणला गेला. त्याच महिन्यात ग्रँट हॅन्ली न्यूकॅसलला विकला आणि शेन डफी ब्रायटनला. डिफेन्सची मधली जोडीच गेली. पुढे वर्षभरात 65 गोल खाल्ले त्याचं मूळ माझ्या मते इथेच आहे.

मॅनेजर म्हणून ओवेन कॉयलना आणलं, हा निर्णय मला पहिल्यापासून पटला नव्हता. आपल्या कट्टर प्रतिस्पर्धी बर्नलीच्या माजी मॅनेजरला ईवुडवर गर्दी प्रेमानं स्वीकारेल ही अपेक्षाच चुकीची. 31 हजारांच्या मैदानात बारा-तेरा हजार लोक, बाकी निळ्या खुर्च्या रिकाम्या. क्लबच्या 1875 या स्थापनावर्षावरून मालकांचा निषेध ठरला: 18व्या मिनिटाला आत यायचं, 75व्याला बाहेर पडायचं. 90 मिनिटांचे पैसे भरून 57 मिनिटं बघायची हे माझ्या जिवावर आलं होतं, तरी मी सामील झालो. मालक मैदानावर फिरकत नाहीत, लोकांशी बोलत नाहीत, याचा सल पैशांपेक्षा मोठा आहे. ते दरवर्षी तोटा भरून काढतात हे खरं, आणि त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण क्लब चालवायला नुसते पैसे पुरत नाहीत.

जानेवारीपर्यंत कुणी विचारलं असतं तर मी सरळ सांगितलं असतं, हे तिकीट घेऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटी कॉयल गेले, टोनी मोब्रे आले, आणि त्याच पैशांत निराळाच संघ बघायला मिळाला. संघ तेविसाव्या क्रमांकावर असताना त्यांनी सूत्रं घेतली. 15 मॅच, त्यातल्या फक्त तीन हरलो, 22 गुण. आधीच्या 31 मॅचमध्ये मिळून 29 होते! खेळाडू तेच, पण शेवटच्या मिनिटापर्यंत पळणारे. डॅनी ग्रॅहम पाठमोरा उभा राहून चेंडू अडवून धरायचा आणि आख्खा स्टँड उठून उभा राहायचा. 29 एप्रिलला अॅस्टन व्हिलाविरुद्ध त्याच्याच गोलवर 1-0 जिंकलो. शेजारच्या खुर्चीवरचे आजोबा 1995 चं प्रीमियर लीगचं विजेतेपद पाहिलेले. त्यांनी शिट्टी वाजताच कार्यक्रमपत्रिकेच्या कोऱ्या कडेला पेन्सिलीनं मांडलं: आम्ही 48, वजा 14. फॉरेस्ट 48, वजा 13. बर्मिंगहॅम 50. मग वजा 14 खाली दोनदा रेघ ओढली आणि पेन्सिल खिशात ठेवली.

शेवटच्या दिवशी मी रेडिओ लावून बसलो होतो. मलग्रूचा गोल, मग गथ्रीचा, पहिल्या वीस मिनिटांतच 2-0, आणि तेवढ्या वेळापुरते आपण वाचलेलो. तिकडे फॉरेस्टनं इप्सविचला 3-0 हरवलं, बर्मिंगहॅमही ब्रिस्टलला जिंकलं. अगदी शेवटी कॉनवेनं पेनल्टी मारली, पण ती काही कामाची नव्हती. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब तिसऱ्या श्रेणीत जाण्याची ही पहिलीच वेळ. हे लिहिताना आजही घशात अडकतं.

आता तिकिटाचं. मोब्रे राहणार असतील तर घ्या, मी घेतोय. त्यांना हटवलं तर मात्र मी एक पेनीही देणार नाही. लीग वनमध्ये बरी (Bury), रॉचडेल, ओल्डहॅम, विगन, फ्लीटवुड, सगळी गावं जवळ, म्हणजे बाहेरच्या मॅचचा रेल्वेखर्च निम्म्यावर येईल. वाचलेले पैसे मी त्या आजोबांसोबत बाहेरच्या मॅचना जाण्यात घालवणार आहे. मालकांकडे मागणी एकच: ऑगस्टमधली पहिली मॅच सुरू होण्याआधी मधल्या डिफेन्ससाठी खेळाडू आणा.