रडारचे पल्स मोजायला प्लूटो एसडीआर: काही महिने वापरल्यानंतर

सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक वॉरफेअर (शत्रूचे रडार-रेडिओ सिग्नल टिपणं, ओळखणं, त्यांना तोंड देणं) नुसतं फळ्यावर शिकवलं जायचं. यंदा पावसाळ्यापासून लॅबमध्ये दोन प्लूटो एसडीआर आहेत, म्हणजे संगणकाला जोडून सॉफ्टवेअरने चालवायचे छोटे रेडिओ. एकातून पल्स (रडारसारखे क्षणभराचे रेडिओ-झटके) सोडायचे, मधे 30 डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग), दुसऱ्यात पकडायचे. सगळं केबलवरून, हवेत काही सोडायचं नाही.

वॉरफेअर रिसीव्हर प्रत्येक पल्समागे फ्रिक्वेन्सी, रुंदी, अ‍ॅम्प्लिट्यूड, येण्याची वेळ आणि दिशा नोंदवतो. एका अँटेनाच्या कनेक्शनवर दिशा मिळणार नाही. उरलेले चार मिळतात.

आधी ऑटो गेन (सिग्नल आपोआप वाढवायची सोय) बंद करा. दोन पल्सच्या मधल्या शांततेत तो गेन चढवत राहतो, मग अ‍ॅम्प्लिट्यूडच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

खरी मजा रुंदीत आहे. ठरावीक व्होल्टेजवर थ्रेशोल्ड (पल्स मोजायची सीमारेषा) लावला की जोरकस पल्स रुंद दिसतो, क्षीण पल्स अरुंद. पल्स मात्र तोच, 1 मायक्रोसेकंदाचा. कारण कडा उभ्या नसतात, तिरक्या असतात. म्हणून रुंदी शिखराच्या निम्म्या उंचीवर मोजायची. पण शिखर कळेपर्यंत चढती कड निघून गेलेली असते, म्हणजे नमुने (सिग्नलच्या क्षणोक्षणीच्या नोंदी) साठवून मागे वळून पाहावं लागतं. ‘सर, मग रिसीव्हरला मेमरी हवीच की!’ असं एक विद्यार्थिनी आलेख बघता बघता म्हणाली, तेव्हा फार बरं वाटलं.

आता अडचण. सेकंदाला 2 कोटी नमुने घेतले तर दर 50 नॅनोसेकंदाला एक बिंदू मिळतो, रुंदी छान येते. पण यूएसबी 2.0 मधून एवढा डेटा अखंड येत नाही. बफरच्या (डेटाच्या तात्पुरत्या गठ्ठ्यांच्या) मधे खाचा पडतात आणि पल्समधल्या अंतराचा, म्हणजे पीआरआयचा, हिशेब चुकतो. वेग 40 लाखांवर आणला की पीआरआय नीट, रुंदी भोंगळ. आम्ही तोच सिग्नल दोनदा मोजतो. खऱ्या रिसीव्हरला ही सवलत नाही. समोरचं रडार पुन्हा चमकेलच असं नाही, सगळं त्याच पल्सवर उरकायचं असतं. मुलांना हे पटवायला याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

सरावासाठी वायफाय वापरून बघा. राउटरचे बीकन (आपली हजेरी सांगणारे छोटे संदेश) साधारणपणे 102.4 मिलिसेकंदांनी येतात, त्यामुळे पीआरआयचं उत्तर आधीच माहीत असतं. हॉस्टेलशेजारी अनेक राउटर, सगळ्यांचा पीआरआय तोच! तेव्हा अ‍ॅम्प्लिट्यूड आणि चॅनेल बघूनच ते वेगळे काढावे लागतात.

फ्रिक्वेन्सीवर आंधळा विश्वास नको. क्रिस्टलची (रेडिओतल्या घड्याळाची) चूक 25 पीपीएम, म्हणजे दहा लाखांत 25, धरली तर 2.4 गिगाहर्ट्झला ती 60 किलोहर्ट्झ होते, आणि सोलापूरच्या उन्हात तापलेल्या लॅबमध्ये आकडा सरकत राहतो. अर्धा तास चालू ठेवूनच मोजायला घ्या.

स्वस्त आरटीएल डोंगल (यूएसबीत लावायचा साधा रेडिओ रिसीव्हर) घ्यावा का, असं मुलं विचारतात. त्यात नमुन्यांमधलं अंतर सुमारे 0.42 मायक्रोसेकंद, म्हणजे 1 मायक्रोसेकंदाच्या पल्सवर दोन-तीनच बिंदू. लांब पल्ससाठी घ्या, अरुंद पल्ससाठी नको.