अलास्का क्रूझ, आणि प्रत्येक बंदरात आपलं आपण फिरणं: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मे महिन्यात सिअ‍ॅटलवरून अलास्काची आठवड्याची क्रूझ केली. आता पाऊस गेला, गणपती झाले, दिवाळीही झाली, तरी रत्नागिरीत कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, "काय गं, सासूसासऱ्यांना घेऊन जमलं का?" जमलं, आणि चांगलं जमलं. आल्याआल्या लिहिलं असतं तर नुसतं बर्फ आणि डोंगर एवढंच लिहिलं असतं, आता कुठे पैसे वसूल झाले आणि कुठे उगाच गेले असते ते नीट दिसतंय म्हणून सविस्तर लिहितेय.

आम्ही दोघं, मुलगा, आई-बाबा (म्हणजे सासूसासरे) आणि सिअ‍ॅटलला राहणारी नणंद असे गेलो. बंदरात उतरून फिरवायच्या ज्या टूर बोटीवर विकतात त्यातली आम्ही एकही घेतली नाही, सगळ्या बंदरात आपलं आपण फिरलो, आणि ह्या ट्रिपमधला सगळ्यात योग्य निर्णय हाच होता असं मला आजही वाटतं. बोटीवरची टूर म्हणजे ठरलेली बस, ठरलेला वेळ, गाईड पुढे आणि आपण मागे धावत. आईंचे गुडघे दुखतात, मुलाला प्रत्येक दगड उचलून बघायचा असतो आणि बाबा एकदा कुठे उभे राहिले की हलत नाहीत, अशा कुटुंबाला ते झेपत नाही. फक्त एक गोष्ट पक्की समजून घ्या. बोटीच्या टूरला उशीर झाला तर बोट थांबते, तुम्ही स्वतःहून गेलेले असाल आणि उशीर झाला तर थांबत नाही, पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चाने जा. त्यामुळे आमचा नियम होता की बोटीवर चढायची शेवटची वेळ असेल त्याच्या दोन तास आधी धक्क्यावर यायचं. आणि हो, घड्याळ! अलास्काची वेळ सिअ‍ॅटलपेक्षा एक तास मागे आहे, फोन आपोआप बदलतो पण तुमची बोट कुठली वेळ धरतेय ते वेगळं असू शकतं, म्हणून बाबांचं साधं मनगटी घड्याळ बोटीच्या वेळेला लावलं आणि आठवडाभर तेच प्रमाण मानलं.

आता केचिकन. ह्या गावाबद्दल जास्त लिहिणार कारण आम्हा कोकणातल्या लोकांना जे इथे सापडतं ते कुठल्या टूरमध्ये नसतं. बोट अगदी गावात लागते (काही बोटी वॉर्ड कोव्हला लागतात, ते गावापासून साधारण ७ मैल, मग शटलने यावं लागतं, बुक करताना विचारून घ्या). पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर, म्हणजे आकडा आपल्या ओळखीचाच, पण आपल्याकडे तो चार महिन्यांत कोसळतो आणि तिथे वर्षभर पडत राहतो. सगळे पर्यटक क्रीक स्ट्रीटला जातात, ओढ्यावर खांब रोवून बांधलेली लाकडी घरं आहेत, छान आहे, अर्ध्या तासात बघून होतं. पण तिथून दोन पावलांवर थॉमस बेसिन म्हणून मच्छीमार बोटींचं बंदर आहे, आणि बाबांचा जन्म मिरकरवाड्याच्या जेटीवर गेलेला, ते तिथे जे थांबले ते थांबलेच.

एका बोटीवर दोन माणसं जाळं दुरुस्त करत बसलेली, बाबा बराच वेळ नुसते बघत होते, मग त्यातल्या म्हाताऱ्या माणसाने हाताने खूण करून जवळ बोलावलं. भाषा एकाची दुसऱ्याला येत नाही, नणंद मध्ये बोलणारी. पण गाठ कशी मारतात ते दाखवायला भाषा लागत नाही, बाबांनी त्यांच्या हातातली सुई घेतली आणि आपल्याकडची गाठ मारून दाखवली, तो माणूस ती उलटीसुलटी करून बघत बसला. तिथे कळलं की सॅल्मन धरणारी पर्ससीन (माशांच्या थव्याला गोल वेढा घालणारं मोठं जाळं) बोट ५८ फुटांपेक्षा लांब असून चालत नाही, कायदाच आहे, आणि व्यवसायासाठी सॅल्मन धरायचा तर मोजक्याच संख्येत दिलेलं परमिट लागतं, ही पद्धत १९७३ पासून आहे. मासेमारी कुठल्या दिवशी उघडायची आणि कधी बंद करायची ते राज्याचं खातं समुद्रातून ओढ्यांत किती मासे चढतायत ते बघून ठरवतं. आपल्याकडे पर्ससीनवरून किती वर्षं भांडणं चाललीत ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे बाबा एकेक गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून घेत होते. परत आल्यापासून जेटीवर कोणी भेटलं की त्यांना ते हे सांगतात, बर्फाचं नंतर. सॅल्मन ओढ्यात चढताना बघायचा असेल तर मात्र जुलैनंतर जा, मे मध्ये तो दिसत नाही. आपल्या शाळांच्या सुट्ट्या मे मध्ये म्हणून आम्हाला दुसरा इलाज नव्हता, पण मे-जून त्यातल्या त्यात कोरडे असतात हा फायदाही आहेच.

जुनो ही अलास्काची राजधानी आणि बाहेरून तिथे यायला रस्ताच नाही, बोटीने या नाहीतर विमानाने. इथे मेंडेनहॉल ग्लेशियर, म्हणजे हिमनदी. सिटी बस स्वस्त पण शेवटचे दीड मैल चालावं लागतं, आईंना ते शक्य नव्हतं म्हणून धक्क्यावरून शटल घेतली. जाताना उत्तम, येताना मात्र शटलवाल्याने जी वेळ सांगितली होती ती पाळली नाही, आम्ही रांगेत ताटकळलो, आणि हातात दोन तास जास्तीचे होते म्हणूनच जीव टांगणीला लागला नाही. तिथली सपाट वाट नगेट फॉल्सपर्यंत जाते, जाऊन येऊन साधारण २ मैल, आई अर्ध्यावर बाकावर बसल्या आणि आम्ही पुढे गेलो. धबधब्याजवळ बोलणं ऐकू येत नाही इतका आवाज, तुषार थेट तोंडावर, आणि पाणी असं गार की बोट बुडवलं तर दुखायला लागतं. तळ्याच्या काठाला आलेला हातभर बर्फाचा तुकडा मुलाने उचलला, काचेसारखा स्वच्छ आणि आत बारीक हवेचे बुडबुडे. व्हिजिटर सेंटर १९६२ साली उघडलं तेव्हा बर्फाची भिंत खूपच जवळ होती, तिथे जुने फोटो लावलेत, ते बघून समोर बघितलं की पोटात कालवतं.

स्कॅगवे लहानसं गाव, सगळं पायी. इथे व्हाइट पासची रेल्वे घ्याच. १८९८ ला काम सुरू करून १९०० ला पुरी केली, सोन्याच्या मागे कॅनडातल्या क्लोंडाइकला धावणाऱ्या लोकांसाठी, ३ फुटांचा नॅरो गेज, आणि २० मैलांत जवळजवळ तीन हजार फूट चढते. तिकीट रेल्वेकडून थेट काढता येतं. जाताना डाव्या बाजूला बसा, दरी तिकडे आहे.

ग्लेशियर बे ही राष्ट्रीय उद्यानातली खाडी, तिथे उतरायचं नसतंच, बोट दिवसभर आत फिरते, पार्कचे रेंजर बोटीवर येऊन माहिती सांगतात. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरची माणसं आली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, सगळा बर्फ होता, आता आत ६५ मैल पाणी आहे. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट थांबली, निळसर भिंतीतून एक भला मोठा तुकडा सुटताना दिसला, आवाज नंतर पोचला. देवमाशांसाठी वेगळी टूर घेतली नव्हती, पण खाडीच्या तोंडाशी डेकवरूनच हंपबॅकचे फवारे आणि दोनदा शेपटी दिसली. दुर्बीण चांगली घेऊन जा, हा खर्च अजिबात वाया जात नाही, आमची आता भाट्याच्या किनाऱ्यावर समुद्र गरुड बघायला मुलगा रोज वापरतो.

काय बदलेन? सिअ‍ॅटलच्या बोटी बऱ्याचदा व्हँकूव्हर बेटाच्या बाहेरून उघड्या समुद्रातून जातात, पहिल्याच रात्री आईंना बोट लागली आणि दुसरा दिवस पूर्ण केबिनमध्ये गेला. म्हातारी माणसं असतील तर कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरातून निघणारी बोट बघा, ती आतल्या शांत पाण्यातून जाते. व्हिसा दोन्ही लागतात, अमेरिकेचा आणि कॅनडाचा, सिअ‍ॅटलवरून गेलात तरी, कारण येताना बोट कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते. परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या बोटीला अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परतायचं तर मध्ये परदेशी बंदर घ्यावंच लागतं, अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे. बोटीच्या भाड्यावर रोजची माणशी टिप वेगळी लागते, ती आधीच हिशोबात धरा.

जेवणाचं म्हणाल तर हाल नाहीत, आईंचा सोमवार फळं आणि दह्यावर निभावला. मेतकूट आणि लसणाची चटणी मात्र नेली होती आणि ती संपली. हापूस न्यायचा विचार करू नका, मे मध्ये प्रत्येकाला वाटतं नणंदेला दोन डझन न्यावेत, पण सामानातून आंबा अमेरिकेत नेता येत नाही. तसंच बोटीवरची फळं बंदरात उतरताना बरोबर घ्यायची नसतात, बंद पाकिटातला खाऊ चालतो, तेव्हा मुलांसाठी शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की पॅक केलेली ठेवा, स्कॅगवेच्या गाडीत आम्हाला तीच उपयोगी पडली.