स्वयं योजना घ्यावी का? घ्यावीच, पण हाताशी थोडे पैसे ठेवून

पाचपैकी साडेतीन तारे. चार दिले असते, पुण्याचं भाडं आडवं आलं.

मी सुरगाण्याची, पुण्यात बी. फार्म. केलं. वसतिगृहात नंबर लागला नाही, म्हणून आदिवासी विकास विभागाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजनेचा फॉर्म भरला. बारावीनंतर शिकणाऱ्या, शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी मुलामुलींसाठी ही योजना. २०१६ मध्ये आली तेव्हा पुणे-मुंबईसारख्या शहरांना वर्षाला ६०,००० रुपये ठरले: जेवणाचे ३२,०००, राहण्याचे २०,०००, निर्वाहाचे ८,०००. इतर महापालिकांना ५१,०००, बाकी जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००.

आता २०,०००ला बारानं भागा. महिन्याला साडेसोळाशेच्या आसपास. एवढ्यात पुण्यात कॉट बेसिसवरही कुणी उभं करत नाही. आम्ही चौघींनी मिळून खोली घेतली तरी वरून घालावेच लागायचे. डिपॉझिट आणि ब्रोकर तर या हिशोबात नाहीतच.

तरी पैसे थेट माझ्या खात्यात येतात, हे मला फार आवडलं. धाकट्या भावाला नाशिकला वसतिगृह मिळालं, त्याचं मत उलटं. २०१८ मध्ये शहरांतल्या वसतिगृहांच्या मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर द्यायचं ठरलं, तेव्हा त्याच्या विरोधात पोरं पुण्याहून नाशिककडे पायी निघाली होती. भाऊ अजून त्यांच्याच बाजूने बोलतो. त्याला तयार ताट हवं. मी खोलीवर भाकऱ्या थापायचे आणि जेवणातले वाचलेले पैसे भाड्यात घालायचे. (नागली घरून यायची, नाहीतर हेही जमलं नसतं.)

कागदांचं म्हणाल तर जातीचा दाखला, अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, आणि कॉलेज ज्या शहरात तिथले तुम्ही रहिवासी नसावं. आधार बँकेत जोडलं म्हणजे झालं असं समजू नका. डीबीटी (सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे) कोणत्या खात्यावर पडणार ते बँकेत विचारा. माझ्या मैत्रिणीचा हप्ता तिच्या आश्रमशाळेच्या काळातल्या, विसरून गेलेल्या खात्यात जाऊन बसला होता. हजेरीचा कागद कॉलेजकडून घ्यावा लागतो, आणि तिथला बाबू ‘उद्या या’ म्हणणारा असला की हप्ता लांबलाच. आमचा तसाच होता, नाव घेत नाही. तोवर घरमालक थांबत नाही, त्याला बाबांनी शेळी विकून भाडं दिलं.

इंजिनिअरिंग, फार्मसी, मेडिकलला राखीव जागेवर जायचं असेल तर जात वैधता (जातीचा दाखला पडताळून मिळणारं प्रमाणपत्र) लागतेच. अकरावी-बारावी सायन्सला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज टाका. सीईटीच्या निकालानंतर धावपळ केली तर सीट हातची जाऊ शकते.

आणि पहिल्यांदाच गाव सोडत असाल तर आधी वसतिगृहासाठीच प्रयत्न करा. तिथे डिपॉझिट मागत नाहीत.