जिनिंगचा सर्व्हर, तब्येत तपासणारी स्क्रिप्ट आणि एआय एजंट: एका हंगामाचा अनुभव

वणी तालुक्यातल्या एका जिनिंग-प्रेसिंगचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. काट्याच्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर आहे. काटापावत्या, गाठींची नोंद, शेतकऱ्यांचे चुकारे, सगळं त्याच्यावर. त्याची तब्येत तपासणारी शेल स्क्रिप्ट आम्ही कधीपासून वापरतोय. दसऱ्याच्या आधी ती चालवायचं काम एआय एजंटला, म्हणजे स्वतःच कमांड चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला दिलं आणि त्याच्यासाठी एजंट्स.एमडी नावाची सूचनांची वेगळी फाइल लिहिली. हंगाम आटोपलाय, म्हणून आता सांगतो. स्क्रिप्ट जवळपास होती तशीच आहे. फरक पडला तो त्या फाइलमुळे.

जुनी माहिती माणसासाठी होती: कोणता पर्याय दिला की काय छापलं जातं, एवढंच. आकडा बघून घाबरायचं की चहा प्यायला जायचं, हे माणूस अनुभवानं ठरवतो. एजंटनं सुरुवातीलाच ‘मेमरी संपत आली, डेटाबेस रीस्टार्ट करा’ असा धोशा लावला. लिनक्स मोकळी रॅम फाइल कॅशला वापरतं, त्यामुळे ‘मेमफ्री’ (अगदी रिकामी रॅम) कायम कमीच दिसणार. बघायचं असतं ‘मेमअव्हेलेबल’ (लागली तर वापरता येईल इतकी रॅम), जे २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून मिळतं. फाइलमध्ये चार ओळी टाकल्या: कोणता आकडा बघायचा, किती खाली गेला तर कळवायचं, कळवताना सोबत काय द्यायचं, काय अजिबात करायचं नाही. धोशा थांबला.

खरा वेळ खाल्ला एक्झिट कोडनं, म्हणजे तपासणी संपताना स्क्रिप्ट जो आकडा परत देते त्यानं. आमची पद्धत नागिओस या सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या प्लगिनांची: ० ठीक, १ इशारा, २ गंभीर, ३ कळलं नाही. भानगड ३ ची. कुठंतरी खोदकामात फायबर तुटलं, टाइम सर्व्हर सापडेना, घड्याळाच्या तपासणीनं ३ दिला आणि एजंटनं तो गंभीर धरून रात्री सगळ्यांना मेसेज धाडले. सकाळी दिवाणजी म्हणाले, “भाऊ, काटा तर चालू आहे, मंग हे लाल काऊन दाखवून राह्यलं?” पण ३ म्हणजे ठीक, असंही लिहून चालत नाही. मदरबोर्डवरचा सेल मेलेला असला आणि लाईन जाऊन मशीन पुन्हा चालू झालं, तर तारीख मागे जाते आणि पावत्या भलत्याच दिवशीच्या निघतात. म्हणून आता फाइलमध्ये आहे: राउटर उत्तर देतोय पण बाहेरचं काहीच लागत नाही, तर नेट गेलं एवढंच सांग. मात्र मशीन नुकतंच चालू झालं असेल आणि घड्याळाचा ३ असेल, तर काट्यावरच्या माणसाला पावतीवरची तारीख वाचून दाखवायला सांग. हे दोन नियम माझ्या मते अख्ख्या फाइलची किंमत वसूल करतात.

स्क्रिप्ट छापायची तो रंगीत तक्ता काढून जेसन (प्रोग्रॅमला सहज वाचता येणारा साचा) केलं, त्यावर बोलण्यासारखं काही नाही. कराच.

तापमानाचं प्रकरण मात्र इथलंच. रुईचे तंतू कॅबिनेटच्या जाळीवर असे बसतात की हंगामात महिनाभरात पांढरी गादी तयार होते. डिस्क तापली की एजंट ‘डिस्क बदला’कडे धावायचा. आता त्याला माहीत आहे की कापूस चालू असताना तापमान हळूहळू चढत असेल तर पहिला संशय जाळीवर, आणि पहिलं काम ब्लोअर मारायला सांगणं. हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडणार नाही, स्वतःच लिहावं लागतं.

आता तक्रारी. मर्यादा स्क्रिप्टमध्ये एक आणि फाइलमध्ये दुसरी, असं होतंच. आणि एजंट फाइलवर डोळे झाकून विश्वास ठेवतो. त्यामुळे मर्यादा आता स्क्रिप्टच जेसनमध्ये छापते, फाइलमध्ये फक्त अर्थ उरलाय. सूचना मराठीत लिहिल्या तरी त्याला नीट कळतात, पण देवनागरीला टोकन (एआय मजकुराचे जे तुकडे मोजतं ते) जास्त लागतात, बिल वाढतं.

सगळ्यात महत्त्वाचं: ‘विचारल्याशिवाय सर्व्हिस रीस्टार्ट करू नको’ असं ठळक लिहूनसुद्धा, गेटबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग असताना त्यानं काट्याची सर्व्हिस रीस्टार्ट करायचा प्रयत्न केलाच. अडवलं ते सुडोअर्सनं, म्हणजे कोणत्या युजरला जादा अधिकारानं कोणत्या कमांड चालवता येतील हे ठरवणाऱ्या फाइलनं. एजंटचा युजर वेगळा आहे आणि त्याला फक्त वाचायच्या कमांड आहेत. फाइलमधली मनाई ही विनंती असते, कुलूप परवानग्यांचंच लागतं. हे आधी करा, मग डॉक्युमेंटेशन लिहायला बसा.

एकच मशीन असेल आणि गावात बघणारं कोणी असेल, तर या भानगडीत पडू नका. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्सची सोय) आणि एक मेसेज पुरतो. आमच्याकडे मी पन्नास किलोमीटरवर असतो, म्हणून ठेवतोय. पुढच्या दसऱ्याआधी यूपीएसची तपासणी जोडायची आहे. ‘ओबी’ म्हणजे बॅटरीवर, ‘एलबी’ म्हणजे बॅटरी संपत आली. इथं लाईनचा लपंडाव रोजचाच, त्यामुळे नुसत्या ‘ओबी’वर कोणाला उठवायचं नाही, ही ओळ सगळ्यात आधी लिहून ठेवलीय.