वाळूचं भांडं, नखांची कात्री आणि वाया गेलेला शाम्पू : आठ महिन्यांचा अनुभव

आमच्याकडे एक सिरियन हॅमस्टर आहे, ढब्या. आणि दोन गिनी पिग बहिणी, ठमी नि चिंगी. तिघांच्या साफसफाईसाठी मी एकाच दिवशी चार वस्तू घेतल्या होत्या: ढब्याला लोळून अंग साफ करायला वाळू, नखांची छोटी कात्री, मऊ ब्रश आणि 'लहान प्राण्यांसाठी' असं लिहिलेला शाम्पू. आठ महिने झाले, आता सांगायला हरकत नाही.

शाम्पूपासून सुरुवात करते, कारण तो लवकर संपतो. म्हणजे विषय संपतो, बाटली तशीच आहे. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ घालायचीच नसते. अंगावरचं नैसर्गिक तेल निघून जातं, एवढासा जीव गारठतो आणि घाबरून अर्धा होतो. ढब्या दिवसातून कितीतरी वेळा स्वतःला चाटूनपुसून घेतो. मागच्या पायांवर बसून, पुढचे दोन्ही पंजे कानामागून नाकापर्यंत ओढत. ते बघितल्यावर बाटली कपाटात गेली ती गेलीच.

वाळू मात्र पैसा वसूल. पण पहिल्या खेपेला मी फसले. डब्यावर हॅमस्टरचं गोंडस चित्र, आत मैद्यासारखी पावडर. ढब्या त्यात लोळला आणि पाच मिनिटांत शिंकायला लागला. तसली धूळ चिंचिला नावाच्या लोकरी प्राण्यासाठी असते. चिंचिलाच्या कातडीतल्या एकेका छिद्रातून पन्नासेक केस येतात, इतक्या दाट लोकरीत शिरायला बारीक धूळच लागते. हॅमस्टरच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. दुसऱ्यांदा बिनरंगाची, बिनवासाची, धूळ न उडणारी वाळू आणली. कॅल्शियमची वाळूही टाळली, कारण ती ओली झाली की गोळे धरते आणि हा पठ्ठ्या दिसेल ते गालाच्या पिशवीत कोंबतो.

भांडं काचेचं आणि जड घेतलं, तेच बरं झालं. हलकं असतं तर दुसऱ्या रात्रीच उलटलं असतं. त्यात दोनेक बोटं वाळू. ढब्या आधी नाकाने उकरतो, मग एकदम कुशीवर पडून अंग घासतो, उठतो, झटकतो, पुन्हा दुसऱ्या कुशीवर. महिन्याभरात अंगाचा तेलकटपणा गेला, पोटावरचे केस मोकळे दिसायला लागले. तक्रार एकच: साहेबांनी भांड्याचा एक कोपरा मुतारी म्हणून ठरवून टाकलाय. रोज सकाळी चहाच्या जुन्या गाळणीने वाळू चाळावी लागते, ओली गठ्ठी काढून टाकावी लागते. खरं तर हाही फायदाच, बाकी पिंजऱ्याला वास कमी येतो.

याच काळात एक फजिती झाली. केस नीट बसल्यामुळे ढब्याच्या कमरेच्या दोन्ही बाजूंना एकेक काळपट, ओलसर ठिपका दिसला. मला वाटलं, वाळूने जखम झाली. शेवटी धावतपळत डॉक्टरांकडे. ते हसले. सिरियन हॅमस्टरला तिथे गंधग्रंथी असतात, नरांत जास्त ठळक. म्हणजे आठवडाभर मी ज्यावर कापसाने हलकेच पुसत होते, ती जखम नव्हतीच.

आता बहिणींकडे. त्यांना वाळू देऊ नका, गिनी पिग त्यात लोळत नाहीत. त्यांचं खरं काम नखं. पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन, म्हणजे एकीची चौदा, दोघींची अठ्ठावीस. दर तीन-चार आठवड्यांनी. कात्री चांगली आहे, पातं अजून धार धरून आहे, पण मूठ माझ्या हाताला लहान पडते. चिंगीची नखं पांढरी, आतली गुलाबी रक्तवाहिनी स्पष्ट दिसते. ठमीची काळी. तिसऱ्या वेळी अंदाज चुकला, रक्त आलं, ती किंचाळली आणि मी तिच्याहून जोरात. कॉर्नफ्लोअर दाबून धरलं, दोन मिनिटांत थांबलं. तेव्हापासून नखामागे मोबाईलचा टॉर्च धरते आणि फक्त टोक उडवते. एका बैठकीत चौदा नखं झालीच पाहिजेत हा हट्टही सोडला. आज चार, उद्या चार.

ब्रश ठमीपुरता उपयोगी, तिचे केस लांब आहेत. मागच्या बाजूचे केस लघवीने चिकटतात, ते बोथट टोकाच्या कात्रीने आखूड ठेवते, कारण तिथे ओल राहिली की कातडी सोलवटते. अगदीच माखली तर तेवढाच भाग कोमट पाण्याने धुऊन लगेच टॉवेलने कोरडा करते. चिंगीला ब्रश दाखवला तरी ती बोगद्यात पळते, तिला मी त्रास देत नाही.

वस्तूंमध्ये नसलेली एक गोष्ट: बेडिंग, म्हणजे पिंजऱ्याच्या तळाशी पसरायचा थर. आधी देवदाराचा सुगंधी भुसा होता. तो सुगंध ज्या तेलांचा, तीच यांच्या श्वासनलिकेला झोंबतात. आता कागदाचं घालते. ढब्याचा पिंजरा एकदम लख्ख करत नाही, थोडं जुनं कोरडं बेडिंग परत टाकते. नाहीतर स्वतःचा वास गेला म्हणून तो रात्रभर सैरभैर फिरतो.

वाळू नि भांडं पुन्हा घेईन. कात्री घेईन, मोठ्या मुठीची. शाम्पूने परवा माझे मेकअपचे ब्रश धुतले, चांगले निघाले.