मिनेसोटाचा हिवाळा, कॅम्परचे नळ आणि गुलाबी अँटिफ्रीझ : तीन हिवाळ्यांचा अनुभव

मिनेसोटात पारा उणे २० अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे उणे २९ सेल्सिअसपर्यंत उतरतो आणि आमचा कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मोटारीमागे ओढायचे फिरते घर, ऑक्टोबर ते एप्रिल घरामागे उघड्यावरच उभा असतो. नळांत राहिलेले पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते. लवचिक नळी एखादे वेळी ते सोसते, पण तिचे जोड, पंप किंवा शौचकूपाची झडप तडकते. त्यावर उपाय म्हणून प्रॉपिलिन ग्लायकॉलचे गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे हिवाळ्यात पाण्याऐवजी नळांत भरून ठेवायचा द्राव, मी सलग तीन हिवाळे वापरले आहे. वस्तू चांगली आहे, मात्र डब्यावरचा ठळक आकडा दिशाभूल करतो.

हा आकडा असतो ‘−५०’. तो फॅरनहाइटमधला असून नळ फुटू न देण्याची मर्यादा सांगतो. द्राव न गोठण्याची नव्हे. पहिल्या हिवाळ्यातल्या जानेवारीत गॅरेजमधला अर्धा उरलेला डबा हलवला, तेव्हा आतून गोळेवाल्याच्या किसलेल्या बर्फासारखा चुरा खळखळला आणि आपल्याला बनावट माल मिळाला, अशी माझी खात्रीच झाली. प्रत्यक्षात हा द्राव १० ते १५ अंश फॅरनहाइटच्या (सुमारे उणे १२ ते उणे ९ सेल्सिअस) आसपासच रवाळ होऊ लागतो, पण पाण्यासारखा घट्ट दगड होऊन नळीला आतून रेटत नाही. मात्र नळांत आधीचे पाणी उरले असेल तर द्राव पातळ होतो आणि डब्यावरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

म्हणून आधी सगळ्या टाक्या आणि तळाच्या तोट्या पूर्ण रिकाम्या कराव्यात. गिझर बंद करून थंड होऊ द्यावा, दाब सोडावा आणि मगच त्याचे बूच काढावे. त्यानंतर गिझरची बायपास झडप (द्रावाला गिझर टाळून परस्पर पुढे नेणारी) फिरवायला विसरू नये, कारण आमच्यासारखा ६ गॅलनचा, म्हणजे सुमारे २३ लिटरचा गिझर असेल, तर नळाला रंग दिसण्याआधी तोच सहा डबे गिळून बसतो. बायपास केल्यावर आमचे काम दोन ते तीन गॅलनांत भागते.

पंपाच्या आखूड नळीने डब्यातला द्राव ओढू लागल्यावर सर्वांत लांबचा नळ आधी उघडावा. तो प्रथम हवा खोकतो, मग स्वच्छ पाणी येते, मग फिकट गुलाबी धार. आणि धार पूर्ण गडद झाल्याखेरीज नळ बंद करू नये. (रंग पाहून घरी आलेल्या कोणाला तरी कोकम सरबत आठवतेच, डबा स्वयंपाकघरापासून लांब ठेवलेला बरा.) गरम आणि थंड दोन्ही बाजूंसाठी हे वेगवेगळे करावे लागते. बेसिनच्या आणि मोरीच्या सापळ्यांत, म्हणजे खालच्या पाणी साठणाऱ्या वळणदार नळ्यांत, शेवटी एकेक पेला ओतावा.

दुसऱ्या वर्षी बाहेरच्या शॉवरकडे माझे दुर्लक्ष झाले. एप्रिलमध्ये पाणी चालू करताच कपाटाच्या मागे टपटप सुरू झाली. प्लॅस्टिकच्या कोपऱ्याला केसाएवढी भेग होती. ही चूक माझी, अँटिफ्रीझची नव्हे.

त्याच वर्षी स्वस्त म्हणून इथेनॉल मिसळलेला प्रकारही घेऊन पाहिला. त्याला स्पिरिटचा वास येतो, तो ज्वालाग्राही असतो आणि रबरी वायसर कोरडे पाडतो, असे त्याबद्दल बोलले जाते. काही डॉलर वाचवण्यासाठी मी तो पुन्हा घेणार नाही. मोटारीच्या रेडिएटरमध्ये घालतात ते इथिलिन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळांत कधीच वापरू नये.

एक त्रास कायम आहे. वसंतात भरपूर पाणी सोडूनही पहिले दोन दिवस चहाला किंचित गोडसर चव येते, म्हणून तेवढे दिवस आम्ही चहासाठी घरून पाणी नेतो.