पेठ रोडवरचं गॅरेज: डिझायरचे चारही शॉकअप बदलले, त्याचा अनुभव

पाना हातात घेण्याआधी गाडीला नेमकं काय झालंय ते शोधणारा मेकॅनिक नाशकात मिळाला, म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांची गाडी सात-आठ वर्षं जुनी झालीय आणि जे शॉकअप बदलायचे की नाही या विचारात आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल.

माझी डिझायर २०१४ ची, डिझेल. सव्वा लाख किलोमीटर झालेत. पेठ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, पंचवटीतून रोज येऊन-जाऊन करते, सोबत दोन सहकारी असतात. म्हणजे रोज सावळघाट, पावसाळ्यात धुकं आणि खड्डे, आणि शहरात शिरलं की सध्या २०२७ च्या सिंहस्थासाठी जागोजागी उकरलेले रस्ते. कंपनीतून आलेले शॉकअप अशा वापरात एवढे चालले हेच खूप.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडीतून घुंsss असा आवाज येऊ लागला. साठच्या पुढे गेलं की वाढायचा, रस्ता गुळगुळीत असला तरी यायचा. शहरातल्या एका दुसऱ्या गॅरेजने चाकाचं बेअरिंग गेलंय म्हणून सांगितलं, ते बदललं, पैसे घेतले आणि आवाज जसाच्या तसा. परत दाखवायला नेली तर आता दुसऱ्या बाजूचंही बदलू म्हणाले. तिथून गाडी घेऊन निघाले ती परत त्या दारात नेली नाही. दरम्यान आणखी लक्षणं दिसत होती. गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी झुलत राहायची. घाटात उताराला ब्रेक दाबला की नाक खाली जायचं. वळणावर मध्येच खड्डा आला की मागची बाजू किंचित बाहेर सरकल्यासारखी वाटायची, आणि हे ओल्या रस्त्यावर झालं की जीव मुठीत यायचा. मागे बसणाऱ्या आमच्या मॅडमना मणक्याचा त्रास आहे. त्या काही बोलायच्या नाहीत, पण खड्डा दिसला की दोन्ही हातांनी पुढची सीट धरायच्या.

आरटीओकडे जाताना लागणाऱ्या या गॅरेजचं नाव शाळेतल्या सरांनी सुचवलं. मी आवाजाचं सांगायला सुरुवात केली तर मेकॅनिक भाऊंनी बॉनेट उघडलंच नाही. पुढच्या टायरपाशी उकिडवे बसले आणि टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवला. मग म्हणाले, “मॅडम, तुम्ही फिरवून बघा.” फिरवला. रबर सरळ झिजलेलंच नव्हतं. हाताला उंच-सखल, उंच-सखल लागत होतं, ठरावीक अंतरावर. ते म्हणाले, “आवाज हा आहे. बेअरिंग नाही. शॉकअप मेलेत, चाक रस्त्यावर टेकून राहत नाही, उड्या मारतं. जिथे आपटतं तिथे टायर खाल्लंय.” माझ्या एवढ्या दिवसांच्या प्रश्नाचं उत्तर टायरवरच होतं.

मग त्यांनी गाडीचा प्रत्येक कोपरा जोर लावून दाबला आणि सोडला. चांगल्या शॉकअपवर गाडी वर येते आणि थांबते. माझी समोरून वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. पण ते एवढ्यावर थांबले नाहीत. दाबून बघण्यात फक्त पार मेलेला शॉकअप कळतो, अर्धा गेलेला सुटून जातो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मला शेजारी बसवून जवळच्या खराब रस्त्यावर स्वतः गाडी चालवून आणली. परत आल्यावर जॅकवर घेऊन चाकं काढली, टॉर्च मारून एकेक शॉकअप दाखवला. मागचा उजवा तेलाने ओला होता आणि त्यावर धुळीचा काळा थर बसला होता. नुसता ओलसरपणा असेल तर घाबरायचं नाही, पण तेल ओघळून खालपर्यंत आलं असेल तर आतलं सील गेलं, असं त्यांनी सांगितलं. पुढचे दोन्ही मात्र कोरडे होते. मी तसं म्हणाले तर उत्तर आलं, “गळत नाही म्हणजे चांगला आहे असं नसतं. खोलल्यावर दाखवतो.”

इथे थोडं समजून घ्यायला हवं, कारण यावरच खर्चाचा सगळा हिशोब ठरतो. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते स्प्रिंगचं काम. स्प्रिंग खड्ड्याचा धक्का घेते, पण एकदा दाबली गेली की तिला उसळत राहायचं असतं. ती उसळी मोडायची हे शॉकअपचं काम. नळीत तेल असतं, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक छिद्रं आणि झडपा. दांडा आतबाहेर झाला की तेलाला त्या छिद्रांमधून बळजबरीने जावं लागतं, त्यात उसळीचा जोर खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. गॅसच्या शॉकअपमध्ये तेलासोबत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे खराब रस्त्यावर सतत काम करूनही तेलाला फेस कमी येतो. फेस आला की पकड गेली. झडपा झिजल्या, सील गेलं, तेल कमी झालं की दांडा मोकळा पळतो. म्हणूनच गाडी एका बाजूला बसलेली दिसत असेल तर आधी स्प्रिंगकडे बघायचं, आणि गाडी झुलत असेल तर शॉकअपकडे.

दुसऱ्या एका ठिकाणी फोनवर विचारलं होतं तेव्हा त्यांनी स्प्रिंगसकट सगळा सेट बदलायला सांगितला होता. इथे भाऊंनी चारही स्प्रिंग पुसून, कुठे तडा नाही ना, वेटोळं तुटलेलं नाही ना हे बघितलं आणि जुन्याच ठेवल्या. लोअर आर्मचे, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे, बुशही (सांध्यातली रबरं) हलवून बघितले, “अजून चालतील, आता नको” म्हणाले. बदलायचे ठरले ते चार शॉकअप, पुढची दोन माउंटिंग (शॉकअपची वरची बैठक), बंप स्टॉपर (शॉकअप पूर्ण दाबला गेला तर आपटू नये म्हणून दांड्यावर असतो तो मऊ ठोकळा), धुळीची रबरी कव्हरं आणि दोन्ही लिंक रॉड (वळणावर गाडी कलू न देणारा बार शॉकअपला जोडणाऱ्या दांड्या). मागचा डावा शॉकअप गळत नव्हता, तरी एकाच बाजूचा नवा टाकायला त्यांनी साफ नकार दिला. एक कडक आणि एक मऊ राहिला तर ब्रेकला आणि वळणाला गाडी दोन्ही बाजूंना सारखी वागणार नाही. हे मला पटलं.

माल मी गॅब्रिएल या शॉकअप बनवणाऱ्या कंपनीचा घेतला. गॅब्रिएलचा कारखाना आपल्या अंबडच्या एमआयडीसीत आहे. वडिलांची नोकरी एमआयडीसीतच गेली, त्यामुळे ते नाव घरात लहानपणापासून ऐकलेलं, आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण निवडायचं खरं कारण असं की बाजारात तो सहज मिळतो आणि भाऊंचा त्यावर हात बसलेला आहे. खोकी माझ्यासमोर फोडली. पुढचे शॉकअप डावा आणि उजवा असे वेगळे असतात, खोक्यावर तसं लिहिलेलं असतं, हे घेताना बघून घ्या. मागचे दोन्ही सारखेच.

आता ते ‘खोलल्यावर दाखवतो’. पुढचा जुना शॉकअप स्प्रिंगमधून मोकळा झाल्यावर त्यांनी उभा धरून दांडा माझ्याकडे दिला. दाबला तर सुरुवातीला हाताला काहीच लागलं नाही, वाटेत एकदम अडकला, मग पुन्हा सैल. सोडल्यावर तिथेच पडून राहिला. नव्याचा दांडा दाबून ठेवणारी पट्टी कापली तर दांडा आपसूक, सावकाश, एका चालीत वर आला. तो दाबायला मला दोन्ही हात आणि अंगाचं वजन लागलं. जुन्यावरचा बंप स्टॉपर बोटांनी चिमटला तर भुगा झाला. कोरडा दिसणारा शॉकअप आतून किती गेलेला असतो ते त्या दिवशी हाताने कळलं.

बसवताना पाहिलेल्या काही गोष्टी मला फार आवडल्या. स्प्रिंग दाबायला दोन बाजूंना स्क्रूचे शिकंजे लावतात. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होईल एवढा तिच्यात जोर असतो. भाऊंनी हाताखालच्या पोराला समोरून बाजूला केलं आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे पिळले. नवा शॉकअप लावण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा वरखाली केला, आडवा पडून राहिलेला असतो म्हणून आतली हवा जागेवर बसावी. वरचा नट आवळताना चकचकीत दांड्याला पक्कड लावली नाही, वरच्या टोकात ॲलन की (षटकोनी चावी) घालून धरला. दांड्यावर ओरखडा गेला तर तो नवं सील खातो. मागचे बोल्ट काढताना ॲक्सलखाली दुसरा जॅक दिला, नाहीतर ॲक्सल खाली लोंबकळून ब्रेकच्या पाइपवर ताण येतो. आणि मागच्या शॉकअपचे खालचे बोल्ट शेवटचे आवळले ते गाडी चाकांवर उभी केल्यावर. हवेत लटकत्या चाकावर आवळले तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ही पाच मिनिटांची कामं आहेत, गिऱ्हाइकाला कधी कळत नाहीत, आणि नवा माल किती टिकणार हे त्यांवरच ठरतं.

मजुरी धरून बिल साडेअकरा हजारांच्या आसपास झालं. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी लिहिलेली, वॉरंटीच्या कागदावर शिक्का, जुना माल पोत्यात घालून डिकीत ठेवलेला. स्ट्रट, म्हणजे पुढचा स्प्रिंगसकटचा शॉकअप, खोलला की चाकाचा कोन हलतो, म्हणून अलाइनमेंट करावीच लागते. तिचं मशीन यांच्याकडे नाही, ती दिंडोरी रोडला वेगळे पैसे देऊन केली. तिथे जाईपर्यंत स्टीअरिंग थोडं वाकडं होतं, तेही त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

गाडी आता कशी आहे? सावळघाटात उताराला ब्रेक दाबला तर चारही चाकांवर सारखी बसते. वळणावरच्या खड्ड्यात मागची बाजू जागा सोडत नाही. गतिरोधकावरून उतरली की एकदा खाली, एकदा वर, संपलं. सुरुवातीला थोडी कडक वाटली, बारीक खडी हाताला जाणवायची, पण झुलणं थांबल्यामुळे मॅडमच्या पाठीला आराम पडला. आता त्या परतीच्या वाटेवर वह्या तपासतात. घुं आवाज मात्र पूर्ण गेलेला नाही. टायरचं खाल्लेलं रबर भरून येत नाही, हेही भाऊंनी काम घेण्याआधीच बजावलं होतं. पुढची ती दोन टायरं मागे टाकलीत, आवाज बराच कमी झालाय, बाकीचा नवे टायर घेईन तेव्हा जाईल.

तक्रारीही आहेत. फोन उचलत नाहीत, उचलला तर मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही. बसायला एक बाकडं आहे आणि त्यावर दुपारी ऊन येतं. बायकांसाठी स्वच्छतागृह नाही, आणि पूर्ण दिवस थांबायचं म्हणजे हा लहान त्रास नव्हे. त्यांनी याकडे खरंच लक्ष द्यावं, कारण स्वतः गाडी घेऊन येणाऱ्या बायका आता कमी नाहीत. काम दुपारपर्यंत होईल म्हणाले आणि संध्याकाळ झाली. लिंक रॉडचा एक बोल्ट गंजून बसला होता तो कापावा लागला, पण निदान उशीर होतोय हे येऊन सांगायला हवं होतं.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा, मार्केट यार्डाच्या गाड्यांची गर्दी व्हायच्या आत. गुरुवारी बंद असतं. शॉकअपचं काम असेल तर आदल्या दिवशी गाडी दाखवून माल ठरवून घ्या, म्हणजे द्वारका-सारडा सर्कलच्या दुकानांतून मागवण्यात दुसरा दिवस जात नाही. आणि चाकं काढतील तेव्हा जवळ उभे राहा. विचाराल ते सांगतात, हातात देऊन दाखवतात.